पातळ डाळ, महाग पावडर

बोईसरच्या जिममधल्या काचेच्या कपाटात मोठाले काळे डबे मांडलेले असतात. त्यांवर ठळक अक्षरांत ‘बीसीएए’ असे छापलेले असते. आत ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले, वर रंग आणि चव. एमआयडीसीत बारा-बारा तास उभा राहणारा, कंत्राटदार देईल तेवढ्या पगारावर भागवणारा पोरगा त्या डब्यासाठी पैसे साठवतो. त्याच पोराच्या दुपारच्या ताटात भाताचा ढीग असतो आणि डाळ म्हणून ओतलेले पिवळे पाणी. डब्यातली अमिनो आम्ले त्याला ठाऊक आहेत; ताटातून जी गायब आहेत त्यांच्याबद्दल त्याला कोणी सांगितलेले नाही.

हल्ली या तीन आम्लांची दुसरी बातमीही मोबाइलवर फिरते : रक्तात ती वाढली की मधुमेह होतो. मग घरोघरी निर्णय होतो तो डाळ आणि अंडे कमी करण्याचा. ‘प्रोटीन जास्त झालं की शुगर लागते’ हे वाक्य चांगली शिकलेली माणसेही आता म्हणू लागली आहेत. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि आपल्या पालघर जिल्ह्यात तर धोक्याचा आहे.

बातमी मुळात खोटी नाही. तारापूरची अणुभट्टी सुरू झाली त्याच 1969 साली अमेरिकेतल्या फेलिग, मार्लिस आणि काहिल या तिघा संशोधकांनी दाखवून दिले होते की, लठ्ठ माणसांच्या रक्तात ही अमिनो आम्ले चढलेली असतात आणि त्याच रक्तात इन्सुलिनही चढलेले असते. पुढे बरीच वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मग 2011 मध्ये फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीतून मोठा निष्कर्ष आला. साखर अगदी नॉर्मल असलेल्या 2,422 लोकांवर बारा वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांतल्या 201 जणांना मधुमेह झाला. त्यांचे सुरुवातीला काढून जपून ठेवलेले रक्त तपासले, वय-वजन सारखे पण मधुमेह न झालेल्यांच्या रक्ताशी ताडून पाहिले, तेव्हा पाच अमिनो आम्ले वेगळी उठून दिसली : डब्यातली ती तीन आणि शिवाय टायरोसिन व फेनिलॲलानिन. मधुमेह उघडा पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी शरीर खूण देत होते. याच्या उलट, ग्लायसिन नावाचे साधेसे अमिनो आम्ल अशा माणसांत कमी सापडते.

आपल्यासाठी यापेक्षा जवळचा पुरावा सिंगापूरचा आहे. 2010 मध्ये तिथल्या लठ्ठ नसलेल्या भारतीय आणि चिनी वंशाच्या पुरुषांत हाच ठसा सापडला. ज्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले होते, त्यांच्या रक्तात ही आम्ले वर होती. पोट सुटलेले नाही म्हणून आपण सुटलो, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. रक्तात आम्ल चढले म्हणजे ताटात ते जास्त होते, असे नाही. रस्त्यावर गटाराचे पाणी आले तर आपण नळ किती सोडला ते मोजत बसत नाही, चेंबर कुठे तुंबले ते बघतो. ल्युसिन आणि त्याची भावंडे मोडण्याचे काम बरेचसे स्नायूंत आणि चरबीत चालते. इन्सुलिनचा हुकूम चालेनासा झाला की हे मोडण्याचे काम मंदावते, शिवाय स्नायूंतली स्वतःची प्रथिने सुटत राहतात, आणि आम्ले रक्तात साचतात. म्हणजे साचलेली आम्ले ही पुष्कळदा आजाराच्या सुरुवातीची खूण असते. कार्य आणि कारण दोन्ही बाजूंनी चालते, असेही जनुकीय अभ्यास सांगतात. त्यामुळे आम्ले अगदी निर्दोष ठरत नाहीत. 2009 मध्ये उंदरांना तेलकट आहारावर वरून हीच आम्ले चारली तेव्हा ते उंदीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले. वडापाव आणि चायनीजच्या गाडीवरच्या नूडल्स खाऊन वर बीसीएएचे चमचे घेणाऱ्या पोराने ही गोष्ट ऐकावी.

खाण्यातल्या आम्लांचे काय? तिथे अभ्यास आपसांत भांडतात. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत ही आम्ले जास्त खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त दिसला. जपानमधल्या ताकायामा शहराच्या पाहणीत ही आम्ले जास्त खाणाऱ्या बायकांना तो कमी दिसला. आम्ल तेच, निकाल उलटे. मला याचा अर्थ असा लागतो की, आम्ल एकटे पोटात जात नाही. अमेरिकेत ते मांसाच्या जाड तुकड्यासोबत येते, जपानमध्ये मासळी आणि सोयाबीनसोबत. आपल्याकडे ते कशासोबत येते, आणि मुळात येते का, हा आपला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ताट मोजून मिळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत, म्हणजे किलोमागे 0.83 ग्रॅम. अंगमेहनतीचा माणूस दिवसाला अर्धा किलो तांदूळ सहज खातो. त्यातून त्याला चाळीसेक ग्रॅम प्रथिने मिळतात. कागदावर हे भरपूर वाटते. पण या चाळीस ग्रॅमांसाठी त्याला जवळजवळ चारशे ग्रॅम पिष्ट पोटात टाकावे लागते. शिवाय भाताच्या प्रथिनात लायसिन हे अत्यावश्यक आम्ल तोकडे पडते. डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, भातात उलट. दोन्ही एका ताटात आले तर जोडी जमते. डाळीच्या जागी पाणी आले की जोडी मोडते आणि पिष्टाचा ढीग तेवढा उरतो.

भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्याचे शरीर हा ढीग जाळून टाकते. तेच ताट घेऊन त्याचा मुलगा आज कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलसमोर बसतो, आठवड्यातून काही रात्री जागतो, पाळी सुटल्यावर शेअर रिक्षाने घरी येतो. आहार बापाचा राहिला, मेहनत राहिली नाही. पालघर जिल्ह्यातल्या मधुमेहाचे मूळ जिममधल्या डब्यापेक्षा या ताटात शोधले पाहिजे.

सगळ्या देशाचे चित्र हेच आहे. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन आणि आयुर्विज्ञान परिषद यांच्या ‘इंडियाब’ पाहणीने 2023 मध्ये देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीच्या 2025 मधल्या आहारविषयक निबंधाने दाखवले की आपली 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम 12 टक्के. त्यातली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक नाचणी महोत्सवात वाचून दाखवावी अशी आहे : तांदूळ काढून तेवढीच नाचणी किंवा गहू घातला, पण एकूण पिष्ट तितकेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे दिसत नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून तिथे डाळ, दूध-दही यांचे प्रथिन आले की फरक दिसतो. जव्हार-मोखाड्याची नागली, म्हणजे हीच नाचणी, उत्तम धान्य आहे, कॅल्शियमसाठी तर फारच. पण भाकरीच्या शेजारी उडदाचे घट्ट कालवण असेल तरच तिचा खरा उपयोग. वारली-कोकणा घरांत नागली आणि उडीद हे एकाच डोंगरउतारावरचे पीक होते. महोत्सवाच्या मांडवात नागलीची बिस्किटे विकायला येतात, उडीद येतच नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे वेगळे दुखणे सांगतो. त्याशिवाय वरचे सगळे आकडे कोरडे आहेत.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर मुले कुपोषणाने आणि आजाराने गेली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्या काळी जी मुले गेली त्यांच्याबद्दल विधिमंडळात बोलले गेले. जी जगली त्यांच्याबद्दल पुढे कोणी बोलले नाही. कमी वजनाची जन्मलेली, भुकेत वाढलेली ती मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यासारखे कितीतरी जण बोईसरला, वाड्याला, वसईला कंत्राटी कामाला येतात. अंगकाठी बारीक, म्हणून आरोग्य शिबिरातला डॉक्टर साखर तपासत नाही. आणि इथेच आपण हुकतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे अनेक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी सुरू केली. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांच्या हाडात-स्नायूंत जेवढी तूट होती तेवढी चरबीत नव्हती. वजन कमी, चरबी राखलेली, स्नायू कमी. याज्ञिकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाच्या आत काय दडलेले असते, ते त्या एका फोटोने जगाला दाखवले.

स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायला कोठार लहान, आणि डब्यातली ती तीन आम्ले मोडायची जागाही लहान. गर्भातल्या बाळाचे स्नायू घडायला आईच्या ताटात पुरेशी आणि सगळ्या जातींची अमिनो आम्ले लागतात. याज्ञिकांच्या पाहणीत आणखी एक अमिनो आम्ल पुढे आले, होमोसिस्टीन. बी-12 हे जीवनसत्त्व कमी पडले की ते रक्तात चढते. ज्या आयांना गरोदरपणी बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देताना आढळली. बी-12 येते दूध, अंडी, मासळी, मांस यांतून. भात आणि पातळ डाळ यांत ते नसते.

आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये याचा अधिक कठोर पुरावा दिला. उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवल्या. ते बारके झाले, पोटात चरबी साठली, बी-12 घटले, होमोसिस्टीन चढले, मधुमेहाला ते चटकन बळी पडू लागले. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर चांगले खायला दिले. तरी दोष गेला नाही. माणसाचे आणि उंदराचे गणित एक नसते, पण पिढ्यान्‌पिढ्यांची भूक एका रोजगार हमीने किंवा कारखान्यातल्या एका नोकरीने भरून निघेल असे ज्यांना वाटते, त्यांनी हा निबंध जवळ ठेवावा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल 2025 मध्ये कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला स्वतंत्र, पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये हा प्रकार यादीत घेतला होता आणि 1999 मध्ये काढून टाकला होता. सव्वीस वर्षे या रुग्णांना नीट नावही नव्हते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी अशा बारीक रुग्णांच्या शरीरात इन्सुलिन नेमके कसे कमी पडते हे तपासून दाखवले, तेव्हा कुठे दार उघडले.

आपल्याकडे तपासणीचाही घोळ आहे. शिबिरांत बोटाचे रक्त घेऊन एचबीए1सी, म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण, काढून मोकळे होतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरीच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलची खूण अंगात असलेली माणसे आहेत, आणि रक्तक्षय तर घरोघर आहे. हिमोग्लोबिनच बदललेले किंवा अपुरे असेल तर एचबीए1सीचा आकडा फसवतो. कधी खाली, कधी वर. तिथे उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर, या दोन्ही बघायला हव्यात. हे महाग नाही, फक्त माणसाला दोन तास बसवून ठेवावे लागते. कंत्राटी कामगाराचे दोन तास कोण भरून देणार, हा प्रश्न मात्र खरा आहे. तो मालकाने सोडवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला उपाय. तो इथेच आहे, डोळ्यांसमोर. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूरच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळतात. पापलेट मुंबईला आणि परदेशी जाते. 2023 मध्ये ते राज्यमासा झाले. ते ताटात आले नाही तरी चालेल. वाळलेल्या बोंबलाच्या शंभर ग्रॅममध्ये साठेक ग्रॅम प्रथिन असते. दोन-तीन बोंबील, मूठभर जवळा किंवा सुकट, चांगले धुऊन कालवणात टाकले की लायसिनही आले, बी-12ही आले. मांगेला बाया बाजारात हे घेऊन बसतात आणि जिमचा पोरगा त्यांच्या पाट्यांवरून पुढे जाऊन डबा विकत घेतो. जे मासळी खात नाहीत त्यांना वाल, तूर, उडीद, कुळीथ, हरभरा, शेंगदाणे आणि एक वाटी दही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनेही पावडरींपासून दूर राहा असेच सांगितले आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने मात्र प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरला विचारावे.

सरकारने काय करावे? रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, 2023 पासून फुकट. हे धान्य भूक मारते, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यात डाळ नाही. जिथे तीस वर्षांपूर्वी मुले मेली त्या तालुक्यांत तरी धान्याबरोबर कायमची डाळ द्या. 2015 पासून आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे : गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण, त्यात अंडे, लहान मुलांनाही अंडी-केळी. माझ्या मते हा या जिल्ह्यातला मधुमेह रोखण्याचा सर्वांत मोठा कार्यक्रम आहे, फक्त कोणी त्याला तसे मानत नाही. त्या अंड्याचा निधी जेव्हा अडकतो तेव्हा ते केवळ अंगणवाडीसेविकेच्या उधारीचे दुखणे राहत नाही. आणखी तीस वर्षांनी जो माणूस बारीक अंगाने बोईसरच्या दवाखान्यात येईल, त्याच्या स्वादुपिंडाचा आणि स्नायूंचा निर्णय त्या महिन्यात होत असतो.

आणि कारखान्यांनी काय करावे, ते कायद्यातच आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगारांसाठी कँटीन आवश्यक ठरवले; 2020 च्या नव्या कामगार संहितेने ती मर्यादा कंत्राटी धरून शंभरावर आणली. कँटीनमध्ये काय वाढायचे हे नियमांनी ठरवण्याची सोय जुन्या कायद्यात होती, आणि कँटीनच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी असण्याचीही. तारापूरच्या कारखान्यांत सुरक्षा समितीत हेल्मेट आणि गॅसगळतीवर बोलणे होते, आणि ते झालेच पाहिजे. आता कामगार प्रतिनिधींनी कँटीनच्या बैठकीत तीन मागण्या लेखी द्याव्यात : माणशी रोज किमान चाळीस ग्रॅम कोरडी डाळ शिजलीच पाहिजे आणि तिचा हिशेब फळ्यावर लिहिलेला असावा, दर पाळीला एक अंडे किंवा एक वाटी दही, आणि वर्षाच्या वैद्यकीय तपासणीत कंत्राटी कामगारासह प्रत्येकाची उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, तो कितीही बारीक असला तरी.